टेकडीची पोरं, फाटकाची पोरं

९ सप्टेंबर, सोमवार

दादा,

सहा वर्षांनी पत्र लिहितेय. वर 'सप्रेम नमस्कार' लिहावं की नाही यात अर्धा तास गेला. नमस्कार आहेच, तू थोरला आहेस. सप्रेमचं तुझं तू बघ.

आधीच सांगते, माफी मागायला लिहीत नाहीये. आपलं जुनं भांडण आहे तिथे राहू दे. मी लिहितेय ते शनिवारच्या पेपरातल्या फोटोबद्दल आणि त्याखाली छापून आलेल्या तुझ्या दोन वाक्यांबद्दल. "टेकडीवरच्या शाळेच्या मुलांच्या वर्तनाची हमी मी मुख्याध्यापक म्हणून देतो. दुसऱ्या शाळेविषयी बोलणं मला शोभणार नाही." वा, दादा. न बोलता सगळं बोललास. लहानपणी बरणी फुटली की आईला असंच सांगायचास, मी कुणाचं नाव घेत नाही, आणि हळूच माझ्याकडे बघायचास.

फोटो तर आता गावभर पाठ झालाय. फुटपाथवर एक म्हातारा माणूस आडवा पडलाय. त्याच्याभोवती तपकिरी स्वेटरातली पाच पोरं. त्यांतला एक मूठ उगारून ओरडतोय. मागे नऊ नंबरची बस. वर मथळा : फाटक शाळेच्या मुलांचा बसमध्ये धिंगाणा, वृद्धाचं हाड मोडलं.

ती बस मी चालवत होते. तुला हे कळायचं कारण नाही. चालकाचं नाव कोणी छापत नाही, आणि आपली बहीण बस चालवते हे तूही कुणाला सांगत नाहीस.

आता काय झालं ते ऐक. गुरुवारची दुपार, शाळा सुटल्यावरची फेरी. रेल्वे फाटकाजवळच्या शाळेची, म्हणजे फाटकाची पोरं आधी चढतात आणि मागची बाकं धरतात. तुझी पोरं नंतर चढतात, निळे कोट, टाय, मधल्या दाराशी उभी राहतात. बसायला जागा असली तरी बसत नाहीत. का बसत नाहीत, ते मला दोन महिन्यांनी समजलं.

त्यांचा एक खेळ आहे. खेळाचं नाव 'आधी तुम्ही'. एखादा हळू माणूस उतरायला उठला की हे पाच जण दाराशी एकमेकांना वाट देतात. "आधी तुम्ही." "छे छे, आधी तुम्ही." "सर, जरा यांना जाऊ द्या." सगळं हसतमुख, सगळं अदबीनं. तेवढ्यात दार बंद होतं, बस सुटते, आणि त्या माणसाचा थांबा जातो. एक थांबा गेला की एक गुण. कुणाकडे तरी वही आहे, तीत लिहून ठेवतात. आपण फसवले गेलो हे त्या माणसाला कळतसुद्धा नाही. उलट वाटतं, किती संस्कारी मुलं.

दवाखान्याच्या थांब्यासमोर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत, एकाहत्तर वर्षांचे. दुपारी जरा पडून दुकान उघडायला जातात. शाळा सुरू झाल्यापासून त्यांचा थांबा आठ वेळा गेला. गुरुवारी ते आधीच उठले आणि पिशवी छातीशी धरून जोर लावून दाराकडे सरकले. दार उघडलं, आणि त्याच क्षणी तुझी पाचही पोरं एकदम बाजूला झाली. ज्याच्यावर भार टाकला होता तेच नाहीसं झालं. काका तसेच बाहेर गेले, फुटपाथच्या कडेवर. खुब्याचं हाड मोडलं.

मग तुझी पोरं पुढच्या दारानं उतरली. त्यांचा थांबा पुढचा होता, तरी उतरली. एकामागून एक माझ्याशेजारून गेली आणि प्रत्येकानं म्हटलं, "थँक यू, मॅडम."

मागच्या बाकांवरून फाटकाची पोरं धावली. एकानं स्वेटर काढून काकांच्या डोक्याखाली दिला. एकानं चष्मा शोधला. आणि ज्याला सगळे भोंगा म्हणतात, तो निळ्या कोटांच्या पाठीकडे बघून मूठ उगारून शिव्या घालत होता. समोरच्या दुकानातून कुणीतरी तेवढाच फोटो काढला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आई म्हणायची. इथे संन्यासी शिव्या देत होता एवढंच.

आता माझं. संध्याकाळी डेपोत मी अहवाल लिहिला, 'प्रवासी उतरताना तोल जाऊन पडला.' पोरांचा शब्दसुद्धा लिहिला नाही. शनिवारी पेपर आल्यावर मॅनेजरनं फोटो पुढे केला, विचारलं, "ही पोरं होती का गाडीत?" मी म्हटलं, "होती." खोटं नव्हतं. तेवढंच बोलले आणि ती पाच पोरं अडकली.

का गप्प बसले? कोट तुझ्या शाळेचा होता म्हणून. सहा वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही, तरी हात तुझ्यासाठी आखडला. त्याचा मला राग येतो. मी अहवाल बदलणार आहे. त्याआधी तुला एक संधी देतेय, तू तुझ्या पोरांना स्वतः विचार. दार लावून, एकेकाला.

तुझी,
बुटकी

(माझे पाय ब्रेकला नीट पुरतात. पहिल्या वर्षी तू ही शंका काढली होतीस म्हणून सांगते.)

१३ सप्टेंबर, शुक्रवार

दादा,

तुझं उत्तर मिळालं. शाळेच्या कागदावर, टाईप केलेलं, खाली गोल शिक्का. सख्ख्या बहिणीला 'महोदया' म्हणणारा तू पहिलाच असशील. शेजारणीला दाखवलं, तिला वाटलं मला शाळेनं कामावर घेतलं.

तू तीन गोष्टी लिहिल्यास. एक, कुणी त्या गृहस्थांना हातही लावला नाही. खरं आहे, नाही लावला. तोच तर खेळ आहे. दोन, तुझ्याकडे वही वगैरे काही सापडली नाही. तू शोधलीस का, ते लिहिलं नाहीस. तीन, 'दोन्ही संस्थांची पार्श्वभूमी लक्षात घेता' माझ्या सांगण्यावर विश्वास बसणं अवघड आहे.

पार्श्वभूमी म्हणालास ना? मग ऐकच. अकरा वर्षं मी दोन्ही शाळांना पाठीवर घेऊन फिरतेय. डोक्यावरच्या आरशात दोन्ही दिसतात. तुला तुझी पोरं प्रार्थनेच्या रांगेत दिसतात, तुझ्यासमोर. मला दिसतात ती तुझी पाठ वळल्यावर.

फाटकाची पोरं संत नाहीत. बाकांवर नावं कोरतात. गेल्या वर्षी एकाची चप्पल खिडकीतून बाहेर गेली, ती आणायला मी बस थांबवावी म्हणून सगळ्यांनी छत वाजवलं. शिव्या अशा की माझ्यासारखीच्याही कानाला नवीन. लोक त्यांना 'फाटके' म्हणतात. ती म्हणतात, "फाटके तर फाटके, शिवून घेऊ." मला मावशी म्हणतात. सर्दी झाली तर मागून ओरडून विचारतात, "मावशी, औषध घेतलं का?" ते वैतागवाणं असतं. पण मी आजारी आहे हे त्यांना कळलेलं असतं.

तुझी पोरं मला मॅडम म्हणतात. रोज थँक यू म्हणतात. अकरा वर्षांत एकानंही माझ्या तोंडाकडे बघून म्हटलेलं नाही. मागच्या वर्षी मी पंधरा दिवस रजेवर होते, एक टकला माणूस बदली होता. त्यालाही दोघं 'थँक यू, मॅडम' म्हणून उतरली. तो अजून सांगत हसतो.

हसण्यावारी नेलं असतं मी. पण माझा लेक तुझ्या शाळेत दीड वर्ष होता.

जुनं भांडण काढणार नाही म्हणाले होते. तू पार्श्वभूमी काढलीस, आता मी काढते. त्याला बोलताना अडखळायला होतं, तुला ठाऊक आहे. तुझ्या वर्गात त्याला कुणी चिडवलं नाही, मारलं नाही. तो बोलायला लागला की सगळा वर्ग हातातलं काम ठेवायचा, हाताची घडी घालायचा आणि वाक्य संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचा. संपलं की सावकाश टाळ्या. शिक्षकांना वाटायचं, किती समजूतदार मुलं. चौदाव्या महिन्यात त्यानं बोलणंच बंद केलं. मी तुझ्याकडे आले, तेव्हा तू म्हणालास, "टाळ्या वाजवल्या हीसुद्धा तक्रार?"

मी त्याला फाटकाच्या शाळेत घातला. तू म्हणालास, मी तुझ्या शाळेचं नाक कापलं, आता माझं तोंड बघणार नाहीस. तेही पाळलंस. मुख्याध्यापक शब्दाचा पक्का.

फाटकाच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात त्याचा दात पडला. मला वाटलं, आगीतून फुफाट्यात आले. संध्याकाळी दार वाजलं. एक आडदांड पोरगा आणि त्याचा बाप. बाप म्हणाला, "यानं पाडला. सांग मावशींना, का पाडला." पोरगा म्हणाला, "मी त्याला तोतरा म्हटलं, त्यानं मला आधी बुक्की मारली, मग मी." माझा लेक आतून ओरडला, "खो-खोटं. आधी लाथ मारली." चार महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला मी. दात पडला, पण कुणी पाडला ते कळलं. तुझ्या शाळेत माझ्या मुलाचं काय काय पडलं आणि कुणी पाडलं, ते सांगायला आजतागायत कुणी दार वाजवलेलं नाही.

ही माझ्याकडची पार्श्वभूमी. हिच्यावर शिक्का नाही.

तुझ्या मनात असो वा नसो, तुझीच बहीण

१८ सप्टेंबर, बुधवार

दादा,

वहिनीचा फोन आला होता. बिचारीनं आधी दहा मिनिटं हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग म्हणाली, "तुम्ही ते कागद मागे घ्या ना, म्हणजे पोरीच्या लग्नाला सगळे एकत्र येऊ. हे पण म्हणतायत." मी विचारलं, "हे म्हणतायत की तुम्ही म्हणताय?" तिनं पुन्हा हवापाणी काढलं.

भाचीच्या लग्नाला यायला मला तुझी परवानगी लागेल असं वाटलं नव्हतं. पण किंमत लावलीसच तर ऐक, त्या किमतीत मी येणार नाही. पोरीला माझा आशीर्वाद कळव. तो फुकट आहे.

मी निवेदन दिलंय. पाचही निळ्या कोटांचं वर्णन दिलंय, त्यांत फुटबॉलच्या कप्तानाचंही, कारण वही त्याच्याच दप्तरात असते.

काल कप्तानाचे वडील डेपोत आले. तुझ्या शाळेच्या कमिटीवर आहेत म्हणे. मॅनेजरच्या खोलीत माझ्यासमोर बसले. आवाज अगदी मऊ. मुलगा कुणावर गेलाय ते लगेच कळलं. म्हणाले, "ताई, आम्हाला तुमचं नुकसान करायचं नाही. फक्त एक विचारू? दार उघडलं तेव्हा बस पूर्ण थांबली होती ना?"

दादा, त्यांनी नेमकं तेच विचारलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुझ्या कोटासाठी गप्प बसले. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं आता लिहिते. बस पूर्ण थांबली नव्हती. चार मिनिटं उशीर झाला होता, मी बटण आधीच दाबलं. दार उघडलं तेव्हा गाडी अजून सरकत होती, हातभर का होईना. बस थांबल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. आता मीही नव्या चालकांना तेच शिकवते. काका पडले त्यात तुझ्या पोरांचा खेळ आहे, आणि माझं बटणही आहे. अहवालात 'तोल जाऊन' लिहिलं ते आधी माझी नोकरी वाचवायला, मग तुझी अब्रू.

त्या गृहस्थांना मी म्हटलं, "उत्तर चौकशीत देईन." ते हसले. त्यांना वाटलं, मी घाबरले. घाबरले होतेच. पण घाबरलेलं माणूस गप्पच बसतं हा त्यांचा समज आहे.

तिथून सरळ हॉस्पिटलात गेले. काका खाटेवर, पायाला वजन बांधलेलं. शेजारच्याचं मनगटी घड्याळ उघडून बसले होते. नर्स रागावत होती, स्क्रू चादरीत हरवतात म्हणून. मी त्यांना खेळाबद्दल सांगितलं, बटणाबद्दलही सांगितलं. त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे मी हळू झालो नव्हतो?"

मी म्हटलं, "नाही काका."

"मला वाटायचं, वय झालं. पोरं एवढी वाट देतायत आणि आपल्याला उतरता येत नाही. घरी कुणाला सांगितलं नाही मी. लेकानं दुकान बंद करायला लावलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बटणाचं मात्र तुम्ही चुकलात."

"चुकलेच," मी म्हटलं.

"सांगा मग तसं," म्हणाले आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं.

तू तुझ्या पोरांना विचारलंस का? तुझ्या पत्रात ते कुठेच नाही. शोधलं मी.

बुटकी

२४ सप्टेंबर, मंगळवार

दादा,

परवा चौकशी आहे. तुलाही बोलावणं गेलंय, तेव्हा समोरासमोर येऊच. आज लिहितेय कारण काल भोंगा भेटला, आणि ते कुणाला तरी सांगायला हवं.

भोंगा म्हणजे मूठ उगारलेला तो. शेवटच्या वर्षाला आहे. शाळेनं घरी बसवलाय, परीक्षेचा फॉर्म अडवून ठेवलाय. तुझी शाळा पोरांना वाचवायला धावते, फाटकाची शाळा पेपरात नाव आलं की पोरांना बाहेर काढते. आपल्या अब्रूबद्दल त्यांनाच खात्री नाही ना. हाही तुझ्या बाजूनं एक मुद्दा आहे, हवा तर घे.

डेपोच्या फाटकाशी उभा होता. एरवी मागच्या बाकावरून कुजबुजला तरी माझ्यापर्यंत ऐकू येतं. काल इतकं हळू बोलला की मला वाकावं लागलं.

"मावशी, तुम्ही आरशात बघत होतात."

मी हातातला डबा पिशवीत टाकला.

"मी मागून बघितलं ना. तुमचे डोळे दिसत होते आरशात. तुम्हाला सगळं दिसलं होतं. मला वाटलं, मावशी सांगेल. पेपर आला तरी वाटलं, मावशी सांगेल."

मी म्हटलं, "घाबरले रे. दार मी लवकर उघडलं होतं."

दोन आठवडे मी तुला लिहितेय, तू असा, तुझी शाळा तशी. तो पोरगा माझ्याकडे बघत होता ना, तेव्हा कळलं की त्याच्या लेखी मीही टेकडीवरच उभी होते.

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मग आता सांगणार?"

"परवा सांगणार. सगळं. बटणासकट."

"तुमची नोकरी जाईल."

"जाईल तर जाईल."

तो म्हणाला, "आईला सांगू का मग, फॉर्म भरता येईल म्हणून?" मी हो म्हटलं. आता माघार घ्यायची झाली तर त्याच्या आईच्या तोंडावरचं हसू काढून घ्यावं लागेल. तुझे कमिटीवाले तेवढे ताकदवान नाहीत.

परवा भेटू.

बुटकी

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दादा,

काल तू खोलीत होतास. तरी लिहिते, कारण तू पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होतास. काय काय झालं ते तुला नीट दिसलं नसेल.

माझं पाच मिनिटांत संपलं. आधी बटण सांगितलं. कप्तानाच्या वडिलांनी फाईल उघडून ठेवली होती, त्यांनी ती मिटली. ज्याच्या जोरावर मला अडवायचं होतं ते मीच टेबलावर ठेवलं होतं. मग खेळ सांगितला. आठ वेळा थांबा गेला, त्याच्या तारखा सांगितल्या. काकांनी लिहून दिल्या होत्या. चुकलेल्या प्रत्येक वेळी दुकान किती वाजता उघडलं, ते त्यांच्या वहीत आहे. घड्याळवाला माणूस, वेळ कशी विसरेल?

मग कप्तानाला बोलावलं. पोरगा उभा राहिला, कोट नीट केला, म्हणाला, "सर, आम्ही फक्त वाट दिली. ज्येष्ठांना वाट द्यावी हे आम्हाला शाळेत शिकवलंय." सुतासारखा सरळ उभा. आवाजात थरथर नाही. मला क्षणभर वाटलं, संपलं आता, याच्यावर कोण अविश्वास दाखवेल?

चौकशीच्या साहेबांनी तुझ्याकडे बघितलं. "मुख्याध्यापक, तुम्ही मुलांची हमी दिली होती. तुम्ही चौकशी केली असेलच."

तू उठलास. मी तुला एवढा सावकाश उठताना कधी पाहिलं नाही. म्हणालास, "नाही. मी मुलांना विचारलं नाही."

"का?"

"उत्तर काय येईल, ते मला ठाऊक होतं."

कप्तानानं तुझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तो सोळा वर्षांचा दिसला. पुढचं तुलाही ठाऊक आहे. पाचांतला सर्वांत लहान, कोपऱ्यातला, रडायला लागला आणि म्हणाला, वही आहे, पण काका पडले त्या गुरुवारनंतर कुणी लिहिलं नाही.

मला तीन महिने गाडीवरून उतरवलंय. हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलंय. मी अपील करणार नाही. बटण मी दाबलं होतं. फाटकाची पाचही पोरं सुटली, भोंग्याचा फॉर्म काल संध्याकाळीच गेला.

जिन्यात तू मला काही बोलणार होतास. मी थांबले नाही. मुद्दामच थांबले नाही. तिथे बोलला असतास तर ते मुख्याध्यापकाचं झालं असतं.

बुटकी

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दादा,

तुझं पत्र मिळालं. साधा कागद, तुझं अक्षर, खाडाखोड. तुझी खाडाखोड मी कधी पाहिली नव्हती. चौथीतसुद्धा तुझी वही बाईंच्या टेबलावर नमुना म्हणून असायची.

आधी बाकीच्या बातम्या. पेपरानं सातव्या पानावर तीन ओळी छापल्या, 'त्या घटनेतील विद्यार्थी निर्दोष.' कोण दोषी ते छापलं नाही. फोटोही नाही. गावात अजून फाटके ते फाटकेच आणि टेकडीवाले ते सोन्यासारखे. काल बाजारात एक बाई म्हणाली, मुलाला टेकडीवर प्रवेश मिळाला म्हणून जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "घाला, पण संध्याकाळी घरी आला की त्याला विचारा, आज कुणाची गंमत केली." तिनं पिशवी उचलली आणि पुढे गेली. माझ्यानं तेवढंच होतं, तेवढं मी करत राहणार. कुणाला आवडो न आवडो.

काका काठीवर चालायला लागले. त्यांनीच सांगितलं की तू हॉस्पिटलात येऊन गेलास. एकटा, दुपारी, दोनदा. म्हणाले, "सांगितलं त्यांनी कोण आहेत ते. मग काय बोलावं दोघांनाही सुचेना. त्यांचं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं, ते लावून दिलं." यासाठी मी तुझे आभार मानणार नाही. जायलाच हवं होतं. पण तू गेलास हे मला कळलंय, एवढं तुला कळावं.

कप्तानाला सत्रभर घरी पाठवलास आणि कमिटी तुझ्यावर उलटलीय, हेही ऐकलं. पुढच्या वर्षी तू त्या खुर्चीत नसशील म्हणतात. नसलास तर नसलास. खुर्ची गेली म्हणून माणूस बुटका होत नाही, मला अनुभव आहे. पण मी दिलेली साक्ष मागे घ्यावी, म्हणजे तुला सोपं जाईल, असं कुणी तुझ्या कानात घालत असेल तर त्याला सांग, तूच तिच्याकडे जाऊन विचारून बघ.

वहिनीनं लग्नपत्रिका पाठवली. आत तुझी चिठ्ठी नव्हती, अट नव्हती. येईन. पुढच्या रांगेत बसेन. कुणी विचारलं, आपण काय करता, तर सांगेन, बस चालवते, सध्या छत्र्या सांभाळते. तू तेव्हा दुसरीकडे बघू नकोस.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं. तू विचारलंस, तेव्हा वर्गात टाळ्या कोण सुरू करायचं, त्यांची नावं दे.

नाही देणार. माझ्याकडे नावं आहेत, सहा वर्षं आहेत, तरी देणार नाही. तू पुन्हा कागदावरूनच न्याय करायला निघालायस. ते ज्याचं आहे त्याला विचार. तो आता विजेच्या कंपनीत खांबांवर चढतो, रविवारी मोकळा असतो. नंबर पत्रामागे लिहिलाय. मी त्याला सांगितलंय, मामाचा फोन येईल. तो म्हणाला, "ब-बघू." म्हणजे तो उचलेल.

एकच सांगते. त्याला बोलायला वेळ लागतो. त्याचं वाक्य मध्येच तू पुरं करू नकोस. थांब. तो करतो पुरं.

तुझी बहीण